डोळा गेला, तरी बसत नाही?

परभणीत वसमत रोडच्या चहाच्या टपरीवर काल दत्ता तणतणतच आला. तुरीचं धसकट लागून चुलत्याचा एक डोळा कायमचा गेला, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्के किती? तर 30.

"पैसे दिले नसतेल," अण्णा म्हणले. अण्णांकडं सगळ्याला हेच उत्तर असतंय.

फारूकभाईंचं ई-सेवा केंद्र आहे, ते मधी पडले. "अण्णा, उगं कामून बोलायलाव? एक डोळा पूर्ण गेला अन् दुसरा धड असला, तर नियमातच 30 आहेत. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याची मदत मिळायला 40 लागतेत."

"माणूस अर्धा आंधळा झाला की!"

"झाला. पण कायदा दोन्ही डोळ्यांचा मिळून हिशोब करतो."

मग उत्पन्नावर आले. दिव्यांगाच्या कुटुंबाला वर्षाला 50,000ची मर्यादा. मी तिथंच टिश्यू पेपरवर मांडून दाखवलं: 300 रुपये रोजानं 167 दिवस काम केलं की माणूस बाद! दाखला काढताना गावातल्या सगळ्यांचं उत्पन्न बरोबर त्याच्या खाली कसं येतंय, हे तलाठ्याला ठाऊक अन् आपल्यालाही. माझं स्पष्ट मत आहे, टक्क्यांपेक्षा ही अटच जास्त खोटी आहे. महिन्याला 2,500 देणार, अन् त्यासाठी आधी माणसाला खोटं बोलायला लावणार.

बाकीचं फारूकभाईंनी भरभर सांगितलं. महाराष्ट्रात 15 वर्षांचा रहिवास पाहिजे. प्रमाणपत्र तात्पुरतं असलं तर मुदतीआधी नवं काढायचं. खात्याला आधार जोडलेलं नसलं तर मंजूर होऊनही पैसे येत नाहीत.

"म्हणजे चुलता बादच?" दत्ता.

"दुसरं काही आहे का त्याला?"

"गाडीवरून पडल्यापासून लंगडतोय थोडा."

फारूकभाईंनी माझाच टिश्यू पालथा केला. दोन प्रकारचं अपंगत्व असलं तर टक्क्यांची सरळ बेरीज करत नाहीत. 90मधून मोठा आकडा वजा, त्याला लहान आकड्यानं गुणायचं, 90नं भागायचं, अन् ते मोठ्यात मिळवायचं. समजा पायाचे 15 निघाले. 60 गुणिले 15, भागिले 90, म्हणजे 10. तीस अन् दहा, चाळीस!

"पण पाय प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं दाखवला पाहिजे. अर्जातच लिहिलं नाही तर डॉक्टर कशाला तपासतील?"

दत्तानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. चुलता खवळलाच: "पायाला काय झालंय माझ्या? डोळ्याचं बघ की तू!"