25 शहरं आणि 52 टक्के: छेद कुठे गेला?

‘जगातल्या शहरांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 52 टक्के वायू फक्त 25 शहरं सोडतात, त्यातली 23 चीनची.’ 2021 पासून हे वाक्य फॉरवर्ड होतंय. ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो, त्यातून हा अर्थ निघतच नाही.

‘जगातल्या शहरांतून’ हे पहिलंच चूक. अभ्यास 167 शहरांचा होता आणि 52 टक्के हे त्या 167 च्या बेरजेतले. दहा लाखांवर वस्तीची शहरंच जगात 500 हून जास्त आहेत.

‘चीनची शहरंच सगळ्यात घाण.’ आधी हद्द बघा. चीनमध्ये शहराच्या प्रशासकीय हद्दीत शेतं, डोंगर, खेडी सगळं येतं. चोंगचिंगची हद्द सुमारे 82,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आख्ख्या मराठवाड्याहून मोठी. बृहन्मुंबई साडेचारशेच्या आसपास. यादीतलं हांदान पोलादाचं केंद्र आहे. ते पोलाद लागतं दुसऱ्या गावच्या पुलाला, धूर मात्र हांदानच्या खात्यावर.

‘पण आकडे मोजलेले आहेत ना?’ खरी गोम इथेच आहे. शहराचं उत्सर्जन बहुधा मोजत नाहीत, काढतात: वीज, इंधन, कचरा यांच्या नोंदी गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे दर युनिट, लिटर किंवा टनामागे किती वायू निघतो तो आकडा. महिन्याला 300 युनिट वापरणारं घर घ्या. भारतीय ग्रिडचा गुणांक युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 210 किलो. जलविद्युतवर चालणाऱ्या ऑस्लोत तेवढ्याच युनिटांचा आकडा नगण्य येतो.

ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राचा कोळसा मुंबईच्या हद्दीत जळतो, तो हिशेबातल्या ‘स्कोप 1’ या गटात. डहाणूचा हद्दीबाहेर जळतो, पण त्याची वीज उपनगरात वापरली की ती ‘स्कोप 2’. आता ट्रॉम्बेचा धूरही धरला आणि घरोघरची वीजही धरली, तर तोच टन दोनदा मोजला जातो. म्हणून 2014 च्या जीपीसी या शहरांच्या उत्सर्जन-हिशेबाच्या जागतिक नियमावलीत ग्रिडला दिलेल्या विजेचं उत्सर्जन वेगळं नोंदवतात, मूळ बेरजेत घेत नाहीत. कचराभूमीतल्या मिथेनमध्ये गोंधळ वेगळा: तो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो, यासाठी एका शहरानं जुना गुणांक 25 लावला, दुसऱ्यानं 28, तर वायू तेवढाच राहून आकडा 12 टक्क्यांनी वाढतो.

‘म्हणजे मुंबई स्वच्छ!’ हेही नाही. हवामान कृती आराखड्यात 2019 साठी दरडोई 1.8 टन आहे. पण मुंबईतल्या टॉवरांचं सिमेंट आणि सळ्या बाहेर बनतात, ते उत्सर्जन अशा हिशेबात येत नाही. तुलना करायचीच तर आधी मुंबईची मुंबईशी करावी, आणि तीही 2019 चा आकडा त्याच हद्दीत, नव्या वर्षाचीच पद्धत लावून पुन्हा काढल्यावर.