दुपारी साडेचारची भेट कोणासाठी?

अर्धवेळ व्यवस्थापन अभ्यासक्रमाची फी आम्ही पगारातून भरतो, तरीही माजी विद्यार्थी आणि कंपन्यांचे अधिकारी यांच्याशी भेटीगाठी दर वेळी कामाच्या दिवशी दुपारी साडेचारलाच का ठेवतात, हे तीन वर्षांत मला कोणीही सांगितलेले नाही. त्या वेळी मी महापे एमआयडीसीत कामावर असतो. सहाला सुटून, घणसोलीहून खच्चून भरलेली ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्याला पोहोचेपर्यंत सभागृहात चहाचे रिकामे कप आणि टेबलावर विसरलेल्या नावाच्या पट्ट्या तेवढ्या उरलेल्या असतात. वर पुन्हा ‘ओळखी वाढवा’ असे आम्हालाच सुनावले जाते! वर्ग सुटल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेच्या धास्तीने सहाध्यायांशीही धड बोलणे होत नाही. मित्रांची लग्ने आणि घरचे सणवार तर केव्हाच सुटले. शनिवारी संध्याकाळी एक तास ठेवायला नेमकी अडचण काय आहे?