शंभरात खवट किती?

वर्षाचे शेंगदाणे एकदम भरायचे, ही आमच्या घरची जुनी रीत. कूट नसलेली भाजी आमच्याकडे पथ्याची समजतात. यंदा साताऱ्याच्या मार्केट यार्डातून दहा किलो दाणे मी स्वतः आणले. दुकानात पाच दाणे तोंडात टाकले, पाचही गोड लागले, पोतं गाडीवर टाकलं. घरी हिनं मूठभर भाजले, एक चावला आणि काही न बोलता बेसिनकडे गेली. तिथूनच आवाज आला, "अहो, खवट आहेत."

दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, शंभरात दहा निघायचेच. दहाच्या वर असतील तर पोतं आणून टाका, पैसे घेऊन जा."

माणूस सरळ, पण अट वाकडी. दहा किलोत दाणे भरतील वीसएक हजार. खवट दाणा बघून कळत नाही, चावावा लागतो. सगळे चावून बघितले तर परत काय नेणार, टरफलं?

लेक स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी करतेय. ती म्हणाली, "कॉन्फिडन्स इंटरव्हल काढू या की. थोडे दाणे चावायचे आणि अख्ख्या पोत्यात खवट किती, याचा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा अंदाज बांधायचा." मला इंटरव्हल म्हटलं की वडापाव आठवतो, आणि कॉन्फिडन्स तर बेसिनपाशीच गेला होता.

"पण दुकानातले पाच चांगले लागले होते," मी म्हणालो.

"बाबा, शंभरातले चाळीस खवट असले ना, तरी पाचच्या पाच चांगले लागायची शक्यता शंभरात आठ असते. आणि त्या पाचांवर फॉर्म्युला लावला तर उत्तर येतं शून्य अधिक-उणे शून्य. म्हणजे पोत्यात एकही खवट नाही, अगदी खात्रीनं!"

"शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण मी पुढे केली. त्यावर हीच बोलली, "भात उकळताना खालीवर होतो. तुमचं पोतं कुठं उकळलंय?" लेकीनं आईकडे असं बघितलं, जसं माझ्याकडे आजवर कधी बघितलं नाही. मग जुनी साडी अंथरून पोतं गच्चीवर ओतलं, खराट्यानं खालीवर केलं आणि जागोजागचे शंभर दाणे वाटीत घेतले.

आता चावणं. ऐकायला सोपं वाटतं. एक खवट दाणा लागला की पुढचे तीन चांगले असले तरी खवटच लागतात. लेक म्हणाली, असं चालणार नाही, एका दाण्याचा दुसऱ्याशी संबंध नको. मग प्रत्येक खवटानंतर चूळ आणि गुळाचा खडा. कॅलेंडरच्या मागं ती रेघा ओढत होती, मी थुंकत होतो. शेजारच्या काकू गच्चीत वाळवण घालायला आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि काहीही न विचारता खाली गेल्या. ते जास्त लागलं.

शंभरात चौदा खवट. मी पोतं उचलायला वाकलो. "थांबा!" लेकीनं ०.१४ ला ०.८६ नं गुणलं, शंभरनं भागलं, वर्गमूळ काढलं, ९५ टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ नं गुणलं. (दोन का नाही? बाटाच्या चपलेच्या किमतीसारखं हे १.९६ कशाला?) आले ०.०६८, म्हणजे शंभरात जवळजवळ सात. चौदातून सात वजा, चौदात सात मिळवा. म्हणजे खवट दाणे शंभरात सात ते एकवीस. आणि दुकानदाराचे दहा नेमके मधे, मांडी घालून बसलेले. म्हणजे दहाच्या वर आहेत असं छातीठोकपणे म्हणता येईना.

"पण यात ९५ टक्के खात्री आहे ना?" मी विचारलं. तर म्हणे, खात्री पोत्याची नाही, पद्धतीची. पालच्या यात्रेत साबणावर रिंग टाकायचा खेळ असतो ना, तसं. साबण म्हणजे पोत्यातला खरा आकडा, तो जागेवरच असतो; हलते ती रिंग, म्हणजे आपला इंटरव्हल. अशा शंभर रिंगा टाकल्या तर पंच्याण्णवएक साबणावर बसतील. आपली बसली की चुकली, ते कळत नाही.

"म्हणजे यांनी शंभरदा दाणे चघळायचे?" हिनं आशेनं विचारलं.

शंभरदा नाही, पण इंटरव्हलची रुंदी निम्मी करायची तर दाणे चौपट लागतात. चारशे! एवढ्या मोठ्या पोत्याला चारशे पुरतील का, तर हो; पोतं दहा किलोचं असो नाहीतर अख्ख्या जिल्ह्याचं पीक असो, साधारण तेवढेच पुरतात. हे मला अजून पटलेलं नाही. निकाल बघून मग नमुना वाढवायचा ही खरं तर लबाडी, हेही लेकीनं सांगितलं. परीक्षेत असं लिहायचं नाही म्हणे. गच्चीवर चालतं.

अडीचशेच्या पुढं दाढ दुखायला लागली तेव्हा तिनं धीर दिला. मोठे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आपल्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे. ज्या नेमन यांनी १९३७ साली या इंटरव्हलची थिअरी नीट मांडली, त्यांच्याच हाताखाली लंडनला शिकले, पुढं देशातल्या पिकांच्या नमुना-पाहणीची घडी बसवली. अभिमान वाटला. पण ते शेतातलं पीक कापून मोजायचे. चावायला त्यांना कुणी लावलं नसावं.

चारशेत पंचावन्न खवट. इंटरव्हल १०.४ ते १७.१. दहा बाहेर! दोन बोटांवर का होईना, बाहेर! कॅलेंडरचा कागद घडी करून खिशात घातला आणि पोतं घेऊन यार्डात गेलो.

दुकानदारानं कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला, परत दिला. पोतं काट्यावर ठेवलं.

"साहेब, दोनशे ग्रॅम कमी भरतंय."

"ते तपासायला चावले."

"चावले म्हणजे खाल्लेच की," म्हणाला, आणि तेवढे पैसे कापून उरलेले हातावर ठेवले.