पूर्वग्रहाची निगा कशी राखावी

सर्वांत आधी त्याला पूर्वग्रह म्हणणं सोडा. ‘अनुभव’ म्हणा. अनुभवाशी वाद घालायला सहसा कोणी येत नाही. तो अनुभव तुमचाच असावा असंही नाही. मेव्हण्याच्या मित्राचा चालतो.

हिशेबाची पद्धत मात्र नीट शिकून घ्या. ‘त्यांच्यातला’ एक जण उद्धट वागला तर ती अख्खी जमात तशीच. दहा जण चांगले वागले तर ते दहा अपवाद. अपवादाला तोंडावर सांगायलाही विसरू नका: “तू त्यांच्यातला वाटतच नाहीस हं!” तो कसनुसा हसेल. ते कौतुक आवडल्याचं लक्षण समजा. आपल्यातला कोणी उद्धट निघाला तर? त्याचा दिवस वाईट गेला असणार, बिचारा.

द्वेषाला सबळ कारण लागतं या भ्रमात राहू नका. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडातल्या ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना एका प्रयोगात सांगितलं, तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात, तुला कँडिन्स्कीची. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी, आपल्या गटात कोण आहे हेही ठाऊक नसताना, झुकतं माप आपल्याच गटाला दिलं. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, असाही कल दिसला. हे 1970 च्या सुमाराचं. तुमच्याकडे तर धर्म, जात, भाषा, रंग असा भरपूर माल पडलेला आहे.

आता धोका. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच लिहून ठेवलंय की बरोबरीच्या नात्याने, एकाच उद्दिष्टासाठी, वरिष्ठांच्या पाठिंब्याने माणसं एकत्र काम करू लागली की पूर्वग्रह झिजतो. म्हणून भेटा, पण मालक-नोकर म्हणून. “आमच्याकडे कामाला आहे, अगदी घरच्यासारखी,” असं म्हणता येतं आणि खुर्चीही द्यावी लागत नाही.

नुसतं एका पंगतीला बसायला हरकत नाही. त्याच वर्षी मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात भांडणाऱ्या मुलांच्या दोन टोळ्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी एकमेकांना अन्नच फेकून मारलं. उत्तम! पण पुढे ट्रक बंद पडला आणि दोन्ही टोळ्यांनी रस्सीखेचीचा दोर बांधून तो एकत्र ओढला. अशी कामं मिळून करता करता काही दिवसांत वैर ओसरलं. तेव्हा ट्रक बंद पडला तर रिक्षा करा.

कोणी चिडून तुम्हाला ‘प्रतिगामी’ म्हटलं तर आनंद माना, रागावलेल्या माणसाला “गंमत कळत नाही का?” म्हणून उडवून लावता येतं. जपायचं ते शांतपणे विचारणाऱ्यापासून. “ते लोक म्हणजे कोण रे? एखाद्याचं नाव सांग ना.” आणि दुसऱ्या कोणी “हो, मलाही ऐकायचंय” म्हटलं की संपलंच. लगेच फोन कानाला लावून बाहेर पडा. वाजला नसला तरी.