पॅरासिटामॉलमुळे मूल स्वमग्न होते, हा दावा टिकत नाही

‘गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याने मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होते, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच तसे सांगितले आहे’, हा संदेश घरोघरी पोहोचला आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी टायलेनॉल, म्हणजे आपल्याकडे क्रोसिन किंवा डोलो म्हणून मिळणारे तेच औषध, गरोदर स्त्रियांनी टाळावे असे सांगितले, हे खरे आहे. मात्र त्याच दिवशी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डॉक्टरांना पाठवलेल्या पत्रात कार्यकारणभाव सिद्ध झालेला नसल्याचे स्पष्ट लिहिले होते. संदेशातून नेमके तेवढेच गळले.

‘अनेक अभ्यासांत संबंध आढळला आहे’ हा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तो खोटा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ४६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यांतील बऱ्याच अभ्यासांत असा संबंध दिसला होता. पण गोळी कोणी उगाच घेत नाही. ताप, जंतुसंसर्ग किंवा अर्धशिशी असते म्हणून ती घेतली जाते, आणि मुलात फरक दिसला तर तो गोळीचा, आजाराचा की आनुवंशिकतेचा, हे नुसत्या संबंधावरून ठरवता येत नाही. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २५ लाख मुलांच्या अभ्यासात दहाव्या वर्षापर्यंत स्वमग्नतेचे प्रमाण गोळी न घेतलेल्या मातांच्या मुलांत १.३३ टक्के, तर घेतलेल्यांच्या मुलांत १.५३ टक्के आढळले. परंतु एकाच आईच्या, एका गरोदरपणात गोळी घेतलेल्या आणि दुसऱ्यात न घेतलेल्या, भावंडांची तुलना करताच हा फरक नाहीसा झाला. अतिचंचलतेबाबतही (एडीएचडी) तेच दिसले. या अभ्यासात केवळ साडेसात टक्के गरोदरपणांत वापराची नोंद आहे, म्हणजे बराच वापर नोंदीबाहेर राहिला असावा, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही जपानमधील दोन लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात भावंडांच्या तुलनेचा निष्कर्ष असाच निघाला.

‘स्वमग्नता वाढते आहे, ती उगाच का?’ अमेरिकेत २००० साली १५० मुलांमागे एक असलेली नोंद २०२२ मध्ये ३१ मुलांमागे एक झाली. पण टायलेनॉल तेथे १९५५ पासून विकले जाते, आणि मधल्या काळात स्वमग्नतेची व्याख्या रुंदावली व तपासणी वाढली.

‘गोळी टाळली तर बिघडते कुठे?’ या प्रश्नाची मला खरी काळजी वाटते. पहिल्या काही आठवड्यांतील तीव्र तापाचा संबंध बाळाच्या मज्जानलिकेतील (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात) दोषांशी जोडला गेला आहे. शिवाय पॅरासिटामॉलला घाबरलेली स्त्री दुखणे असह्य झाल्यावर दुसरी वेदनाशामक गोळी घेईल, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक विसाव्या आठवड्यानंतर घेतल्यास बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते, तेव्हा पाकिटावरील घटक वाचल्याशिवाय कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये. साधे पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून, गरजेपुरत्या कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस घ्यावे.