हवा मोजा, पण बेताने

महापालिकेच्या पर्यावरण कक्षात नव्यानेच रुजू झालात? अभिनंदन. आधी एवढं लक्षात घ्या, हवा स्वच्छ करणं तुमच्याकडे नाही, ती मोजणं आहे. आणि मोजण्यात सगळं असतं ते जागेत.

जागा बघायला चुकूनही सकाळी नऊला पुण्याच्या नगर रस्त्यावर, वाघोलीत उभे राहू नका. पुढे खडीचा डंपर, त्याच्या सायलेन्सरला तोंड देऊन स्कार्फ गुंडाळलेली स्कूटरवाली, तिच्या पुढ्यात उभं शाळेचं पोरगं. इथे यंत्र लावलंत तर ते खरं बोलून बसेल. त्यापेक्षा एखादी बाग बघा, संस्थेचं आवार बघा. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेलं की गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड बराच निवळतो. यंत्राचं नाक जमिनीपासून 3 ते 10 मीटरवर चालतं. तुम्ही दहाकडे झुका. पोराचं नाक मीटरभरावर असतं खरं, पण त्याची नोंद कोण घेतो?

मग सरासरी. सकाळ-संध्याकाळची कोंडी दुपारच्या वाऱ्यात कालवली की 24 तासांचा आकडा कसा सोज्वळ दिसतो बघा. वर्षाची सरासरी त्याहून गोड, कारण पावसाळाभर वरुणराजा तुमच्या खात्यात बिनपगारी राबतो. हाताने नमुने घ्यायचं केंद्र असेल तर आठवड्यातले दोन दिवस, वर्षाचे 104 भरले की झालं. बाकीच्या दिवशी लोकांनी श्वास घेतला तर ती त्यांची हौस.

पीएम 2.5, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ, दिवसाच्या सरासरीत घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमपर्यंत असली की फलकावर ‘समाधानकारक’ लिहिता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली 15 सांगितलंय, पण ती मंडळी जिनिव्हात बसतात. त्यांनी चांदणी चौक कुठे पाहिलाय?

गाड्यांचं काय, असं कुणी विचारलंच तर पीयूसी दाखवा. पेट्रोल गाडी जागेवर उभी करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. नायट्रोजन ऑक्साइड त्या चाचणीत येतच नाहीत. ब्रेक-टायरच्या भुकटीला तर पीयूसी लागतच नाही.

एकच धोका उरतो. एखाद्या सोसायटीतल्या काकू स्वस्तातला सेन्सर गेटला टांगतात आणि त्यावरचा लाल आकडा घेऊन थेट तुमच्या टेबलाशी येतात. घाबरू नका. खुर्ची द्या, चहा मागवा आणि मायेने विचारा, “काकू, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट आणलंय का?”