ब्रेक दाबला की बंद पडणारी गाडी: आपल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार देऊन लिहिलंय की सिग्नलला ब्रेक दाबला की गाडी बंद पडते एवढीच तक्रार होती, तरी आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतली, नुसतं बघायचे 1,200 रुपये लावले आणि ब्रेक चांगला लागत असताना बूस्टर (पेडल कमी जोरात दाबलं जावं म्हणून ब्रेकला मदत करणारा भाग) बदलून बिल वाढवलं. वाचून वाईट वाटलं, कारण या गाडीवर आमच्या पोरांनी मन लावून काम केलंय. इतर लोकही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा दुसऱ्या गॅरेजात थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ झाली होती, प्लगही नवे होते. आयडलिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचं नुसतं चालू राहणं, बिघडलं की पहिला संशय तिथेच जातो, त्यात गैर काही नाही. पण फरक पडला नव्हता. तेच काम परत करून पैसे घेणं आम्हाला पटलं नाही.

पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम (हवेची ओढ) इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधून, एका जाड पाइपने येतो. बूस्टरच्या आत रबराचा पडदा असतो. तो चिरला, की पेडल दाबल्याबरोबर बाहेरची हवा त्या चिरेतून थेट इंजिनात जाते. आपल्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरला लागूनच आहे. बूस्टरकडून आलेली हवा त्याच्यासमोरून जातच नाही. मग पेट्रोल हवेच्या मानाने कमी पडतं आणि इंजिन मान टाकतं. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकंच इंजिनला फिरवत असतात, म्हणून चालत्या गाडीत काही जाणवत नाही. थांबताना क्लच दाबला की तो आधार सुटतो. सिग्नललाच बंद पडायची ती यामुळे.

गार इंजिनचं आयडलिंग मुळातच चढं असतं, त्यामुळे सकाळी पहिल्या सेल्फला गाडी बंद पडत नाही. गार आणि गरम, दोन्ही वेळा बघायचं म्हणून गाडी ठेवून घेतली. गरम झाल्यावर पेडल दाबलं तर डॅशबोर्डखालून सूं असा आवाज यायचा आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) 750 वरून घसरत इंजिन बंद. बूस्टरचा पाइप काढून मॅनिफोल्डकडचं तोंड बुजवलं, तर कितीही वेळा पेडल दाबा, आरपीएम जागचा हलत नव्हता. (ही चाचणी उभ्या गाडीतच करायची, कारण मग ब्रेक फार कडक होतो.) पार्ट मागवायच्या आधी याचा व्हिडिओ आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि आपला होकार आल्यावरच काम धरलं.

ब्रेक लागत होता, हे खरं आहे. पण इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, पाय तसाच ठेवून सेल्फ मारायचा, की पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. आपलं जेमतेम हललं. चीर वाढली असती तर कात्रज घाट उतरताना पायात सगळा जोर लावावा लागला असता. अशी गाडी मी कुणाच्याच हातात देणार नाही.

1,200 रुपये शोधकामाचे आहेत आणि तो दर काउंटरवर लिहिलेला आहे. तपासणी फुकट आणि मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसणं, या पद्धतीत गिऱ्हाइकाचे कितीतरी जास्त पैसे जातात. म्हणून हा आकार आम्ही सोडणार नाही.

जुना बूस्टर गाडीचा नंबर लिहून ठेवलाय. कधीही या, समोर उघडून चीर दाखवतो. बिलातला पार्ट आणि लेबर वेगवेगळं समजावून देतो.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांना: चालती गाडी अशी बंद पडली तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांतच संपतो. एकदाच घट्ट दाबून धरा, स्टेअरिंग जड होईल तरी सोडू नका आणि गाडी डावीकडे घ्या.